दुधाऐवजी आणलेले तीन खोके, एक डाएट चार्ट आणि माझं कॅल्शियम : सांगलीतनं एक रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू म्हशीच्या दुधाच्या मुलखातनं लिहिलाय. भिलवडी आमच्या पलीकडंच, चितळ्यांची डेअरी १९३९ पासून तिथं आहे, पंढरपुरी म्हशी तर आमच्या जिल्ह्यात रस्त्यानं जाताना दिसतात, आणि दारात सकाळी सहाला गवळीमामांची गाडी उभी असते. अशा गावात मी २८० रुपये लिटरचं बदामाचं पाणी विकत आणून पीत होते. हसा आता.

झालं असं की वय ४३, वजन ७६, थायरॉईडची गोळी चालू, आणि दूध प्यायलं की पोट नगाऱ्यासारखं. दोन वर्षं मी ते ॲसिडिटी म्हणून सोडून दिलं. मग मैत्रिणीच्या सांगण्यावरनं एका ऑनलाईन डाएटवाल्या ताईंचं तीन महिन्यांचं पॅकेज घेतलं, ३५०० रुपये, नाव सांगत नाही कारण वजन त्यांनी उतरवलं हे खरं आहे, ७६ चं ७१ झालं. पण चार्टमध्ये पहिल्याच ओळीत लाल अक्षरात होतं, दूध, दही, ताक, पनीर पूर्ण बंद. आणि सकाळी उठल्या उठल्या एक ग्लास बदाम दूध. बास. कॅल्शियम कुठनं येणार यावर एक अक्षर नाही. मी विचारलं तर उत्तर आलं, "मॅम, बदामात भरपूर कॅल्शियम असतं." आता बदामात असतं हो, १०० ग्रॅमला सव्वादोनशे मिलिग्रॅमच्या पुढं असतं, पण १०० ग्रॅम बदाम म्हणजे ८० च्या वर बदाम, ते डाएटमध्ये खाणार कोण आणि कॅलरी मोजणार कोण?

तर पहिला खोका. विश्रामबागच्या बाजूला एक मोठं सुपरमार्केट आहे तिथं हेल्थवाल्या कप्प्यात सगळ्यात वर, मधाच्या बाटल्यांच्या मागं होता, स्टूल घेऊन मुलानं काढून दिला. खोक्यावर 'दूध' कुठंच लिहिलेलं नाही, 'बदाम ड्रिंक' असं आहे. मला वाटलं ही कंपनी प्रामाणिक दिसते, नंतर कळलं की २०२१ मध्ये एफएसएसएआयनंच, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्यानं, बजावलंय की झाडापासनं केलेल्या पेयाला दूध म्हणून विकू नका. चव? पातळ, गुळमुळीत, मागं किंचित बदामाचा वास. थंड प्यायला बरं वाटतं. बिनसाखरेचं असल्यानं १०० मिलीला २० च्या आतच कॅलरी, म्हणून डाएटवाल्यांचं ते लाडकं. पण मी आठव्या दिवशी, म्हणजे दुसरा खोका संपत आला तेव्हा, पाठीमागचं बारीक अक्षर चष्मा लावून वाचलं. बदाम : ३ टक्के. आता हिशोब करा. लिटरला ३० ग्रॅम बदाम, म्हणजे २५ बदाम. २५ बदामांचे २८० रुपये! गणपती पेठेत तेवढे बदाम तीस रुपयांच्या आत येतात. आणि ग्लासभर घेतलं की त्यात बदाम पाच, त्यातनं कॅल्शियम १५ मिलिग्रॅमसुद्धा नाही. खोक्यावरच्या पोषणाच्या तक्त्यात कॅल्शियमची ओळच नव्हती. आणि इथं कंपनीला काही बोलता पण येत नाही, कारण आपल्याकडं लेबलवर एनर्जी, प्रोटीन, कार्ब, साखर, फॅट, सोडियम असलं सगळं लिहावं लागतं पण कॅल्शियम सक्तीचं नाही, वरनं घातलं असेल आणि मिरवायचं असेल तर लिहितात. ओळ नाही म्हणजे घातलेलं नाही असं मी आता धरून चालते.

म्हणून मी घरी करायला घेतलं. रात्री १२ बदाम भिजवले, सालं काढली, मिक्सरला फिरवले, पंच्यातून गाळले. चव खोक्यापेक्षा शंभरपट चांगली, वेलदोडा घातला तर सणासुदीचं वाटतं. पण कॅल्शियम? बारा बदामांचं मिळून तीस-पस्तीस मिलिग्रॅम, त्यात चोथा गाळून टाकला म्हणजे आणखी कमी. नारळाच्या दुधाचं तर बोलायलाच नको, कॅल्शियम नावालाच आणि फॅट ढीगभर. ते सोलकढीपुरतं ठीक आहे.

मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेचा २०२० चा आकडा आहे हा, आधी ६०० होता तो वाढवला, आणि पाळी गेलेल्या बायकांना १२००. गाईचं घ्या नाहीतर म्हशीचं, दुधात १०० मिलीला १२० च्या आसपास तरी असतंच. मी डाएटच्या आधी दोन चहातलं धरून, रात्रीचा ग्लास धरून आणि वाटीभर दही धरून साडेपाचशे मिली दूध पोटात घालत होते, म्हणजे साडेसहाशे मिलिग्रॅम. ते सगळं एका लाल ओळीनं गेलं आणि त्या जागी आले १५. वर जेवण अर्ध्यावर आणलेलं, म्हणजे भाजी-पोळीतनं जे थोडंफार यायचं ते पण कमी. मी कागदावर मांडलं तर दिवसाला ३०० च्या आसपास आकडा आला. तीन महिने.

ताईंना फोटो काढून पाठवला. त्या म्हणाल्या, ब्लड टेस्ट करा, कॅल्शियम नॉर्मल येईल बघा. केली. आली नॉर्मल, ९.३. मी पण म्हणलं चला, उगाच डोकं खाल्लं. पण पोटऱ्यांत गोळे येत होते म्हणून मिरजेला डॉक्टरांकडं गेले (आमच्याकडं काय पण झालं की आधी मिरज), तर त्या रिपोर्ट बघून हसल्या. म्हणाल्या, "अहो, रक्तातलं कॅल्शियम शरीर शेवटपर्यंत नॉर्मलच ठेवतं, खाण्यातनं आलं नाही तर हाडातनं काढून घेतं. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडात आणि दातात असतं." म्हणजे मुदत ठेव मोडून किराणा भरायचा, आणि वर पाकिटात पैसे आहेत म्हणून खूश व्हायचं, असला प्रकार. वजन उतरताना हाडं तशीही थोडी झिजतात, त्यात हे. गोळे कॅल्शियममुळंच येतात असं मात्र त्या म्हणाल्या नाहीत, व्हिटॅमिन डी केलं तर ते १४ निघालं, २० च्या खाली म्हणजे कमीच. डी नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम पण नीट अंगात शिरत नाही. सांगलीत मे महिन्यात डांबर वितळतं आणि आमच्या अंगात डी नाही. कारण आम्ही दिवसभर ऑफिसात, आणि बाहेर पडलो की स्कार्फ, सनकोट, हातमोजे, अतिरेक्यासारखं तोंड बांधून.

आणि एक महत्त्वाचं, थायरॉईडवाल्यांनी नीट वाचा. मी सकाळी उठून गोळी घेत होते आणि अर्ध्या तासात चार्टप्रमाणं ते ड्रिंक. डॉक्टर म्हणाल्या की तुमच्या ड्रिंकमध्ये कॅल्शियमच नव्हतं म्हणून चाललं, पण कॅल्शियम घातलेलं पेय किंवा कॅल्शियमची गोळी थायरॉईडच्या गोळीजवळ घेतली तर गोळी अंगी लागत नाही, चार तासांचं अंतर पाहिजे. सोयाचं पण तसंच, सकाळी सकाळी नको. ३५०० रुपयांच्या चार्टमध्ये हे नव्हतं.

आता दुसरा खोका, सोयाचा. हा खरा रिव्ह्यूचा नायक. शंभर फुटी रस्त्यावरच्या एका दुकानात मिळाला, १४० रुपये लिटर, बिनसाखरेचा. तक्त्यात कॅल्शियमची ओळ होती, १०० मिलीला १२० मिलिग्रॅम, म्हणजे दुधाला दूध. घटकांत कॅल्शियम कार्बोनेट लिहिलेलं, डी पण घातलेलं, बी १२ पण. प्रोटीन १०० मिलीला ३ ग्रॅम, बदामवाल्यात अर्धा ग्रॅम पण नव्हतं. डाएटमध्ये प्रोटीन लागतं हे आता शाळेतल्या पोरांना पण माहिती आहे, तरी चार्टवाल्यांना कॅलरीच दिसतात. कॅलरी ३५-४०, म्हशीच्या दुधात त्या ११० च्या घरात.

चव खरं सांगू का, पहिल्या दिवशी नको झालं. मटारच्या कच्च्या शेंगा चावल्यासारखा वास येतो. आमच्या ह्यांनी एक घोट घेतला आणि विचारलं, "हे म्हशीला घालायचं होतं का?" त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही, सोयाबीनची पेंड म्हशीच खातात. पण चार दिवसांनी सवय होते, थंड असलं की वास कमी लागतो, आणि चिमूटभर दालचिनी किंवा अर्धं केळं घातलं की कळत पण नाही. व्हॅनिला-चॉकलेटवाल्या छोट्या पॅकच्या नादाला लागू नका, चव भारी असते पण मी आणलेल्या २०० मिलीच्या पॅकमध्ये १६ ग्रॅम साखर होती, चार चमचे, मग डाएट कशाला करायचं.

चहाचं काय ते ऐका. पहिला चहा फाटला. दुसरा पण फाटला. आलं घालून उकळी आलेल्या चहात फ्रीजमधलं सोया ओतलं की वर पांढऱ्या चिंध्या तरंगतात, बघवत नाही. मग जमलं ते असं, चहा गाळून घ्यायचा, मिनिटभर थांबायचं, सोया वेगळं कोमट करायचं आणि त्यात चहा हळूहळू ओतायचा, सोयात चहा, चहात सोया नाही. आलं बंद, गवती चहा चालतो. तरी चवीला तो चहा नव्हेच, चहाचा चुलतभाऊ. कॉफीत मात्र झकास लागतं.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी खोक्यावर बारीक अक्षरात असते आणि कोण वाचत नाही. हलवून घ्या! सोयाचा पहिला खोका संपल्यावर मी कात्रीनं कापून बघितला, तळाला पांढरा साका बसलेला, बोटाला खडूसारखा लागत होता. तेच कॅल्शियम. म्हणजे आठवडाभर मी वरचं निवळ पाणी प्यायले आणि १४० रुपयांतलं खरं कामाचं ते कचऱ्याच्या गाडीत गेलं असतं. कॅल्शियम कार्बोनेट पाण्यात विरघळत नाही, नुसतं तरंगत ठेवलेलं असतं, खोका उभा राहिला की बसतं खाली. दर वेळी ओतायच्या आधी दहा-पंधरा वेळा जोरात हलवायचा. एवढं केलं तर ते दुधातल्या कॅल्शियमइतकंच अंगी लागतं. काही खोक्यांवर ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं, ते थोडं कमी अंगी लागतं पण चालतं.

सासूबाईंनी तो साका बघितला आणि म्हणाल्या, "अगं, हा तर चुना! मग पानाचाच खा की गव्हाएवढा, दह्यातनं, फुकटात." हा मेसेज त्यांच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी येतो. मी नाही खाल्ला आणि तुम्ही पण खाऊ नका, पानाचा चुना वेगळा, तो जहाल असतो, जास्त लागला की तोंड सोलतं, आणि गव्हाएवढा म्हणजे नेमका किती ते कोण मोजणार. खोक्यात असतो तो खडूच्या जातीचा, बिचारा गरीब.

तिसरा खोका ओट्सचा. थोडक्यात सांगते. २६० रुपये, चव तिन्हीत सगळ्यात चांगली, आपोआप गोडसर लागतं कारण ते करताना ओट्समधल्या स्टार्चची साखर होते. कॅल्शियमची ओळ होती पण आकडा निम्मा, प्रोटीन एक ग्रॅम. मुलीला आवडलं, तिनं कोल्ड कॉफीत संपवलं. परत आणणार नाही.

दुकानांबद्दल पण लिहायला पाहिजे. सांगलीत हे खोके आता मिळतात, अडचण तशी नाही, पण खप कमी असल्यानं तारीख बघूनच घ्या, मला एकदा दीड महिनाच उरलेला दिला आणि एकदा कोपरा चेपलेला, असला घेऊ नका. दुकानातल्या पोराला 'कॅल्शियमवालं आहे का' विचारलं तर तो सगळ्यालाच हो म्हणतो, त्याचा दोष नाही, स्वतः उलटं करून बघायचं. निळ्या रंगातलं 'प्लस एफ' चिन्ह दिसलं म्हणून पण खूश होऊ नका, दुधाच्या पिशवीवर ते चिन्ह असतं ते ए आणि डी व्हिटॅमिन घातल्याचं, कॅल्शियमचं नाही. खोका उघडला की फ्रीजमध्ये आणि चार दिवसांत संपवायचा. एकट्यानं पिणाऱ्याला लिटरचा खोका संपवायला पळापळ होते.

आता कोणी म्हणेल एवढा उपद्व्याप कशाला. बरोबर आहे. ज्यांना दूध पचतं त्यांनी या भानगडीत पडूच नये असं माझं मत आहे, आणि हे मत मी ३५०० अधिक खोक्यांचे हजार-दीड हजार घालवून कमावलंय. कॅल्शियम सायीत नसतं. दूध तापवा, गार करा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी जाड साय काढा, फॅट बरंच गेलं आणि कॅल्शियम जागेवर. डबल टोन्डच्या पिशवीत फॅट दीडच टक्का असतं. 'डाएट म्हणजे दूध बंद' हे कुणी काढलं कोण जाणे. ज्यांना माझ्यासारखं लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, पचत नाही त्यांना पण दही-ताक बऱ्याचदा चालतं, विरजणातले जंतू लॅक्टोज थोडं खाऊन टाकतात. डॉक्टरांनी मला दोन आठवडे सगळं बंद करून मग आधी ताक, मग दही, मग दूध असं एकेक सुरू करून बघायला लावलं. ताक चाललं. दही वाटीभर चाललं. दूध अर्ध्या कपाला परत नगारा. म्हणजे तीन महिने ताक विनाकारणच बंद होतं, ते पण उन्हाळ्यात!

बाकी भर जेवणातनं घातली. नाचणी, १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या वर कॅल्शियम, एक मध्यम भाकरी म्हणजे सव्वाशे-दीडशे झालं. मोड आणून दळलेली असेल तर आणखी चांगलं अंगी लागतं. आमच्याकडं ज्वारीचंच राज्य, नाचणी म्हणजे कोकणातल्यांची असं सासूबाई म्हणायच्या, आता आंबील मागून घेतात. तिळाचं मोठं नाव असतं पण त्यात एक मेख आहे, ते पांढरेशुभ्र पॉलिशचे तीळ असतात ना, त्यातलं कॅल्शियम सालीबरोबर गेलेलं असतं, बिनपॉलिशचे गावठी मागा. मोठ्या चमचाभरात ८०-९० मिलिग्रॅम, पण सगळं अंगी लागत नाही. पालक तर नुसता फसवा, कॅल्शियम असतं पण ऑक्झॅलेट त्याला धरून ठेवतं, शंभरातलं पाचच पदरात पडतं, दुधातलं तीस पडतं. त्यापेक्षा शेवग्याचा पाला, मेथी. शेवग्याचा पाला तर आमच्या गल्लीत फुकट, झाड ज्यांचं आहे ते शेंगा मोजतात आणि पाला न्या म्हणतात.

तर आता माझं असं चाललंय : सकाळी गोळी, अकराच्या पुढं सोया २०० मिली म्हणजे २४०, दुपारी नाचणीची भाकरी आणि वाटीभर दह्याचं ताक, ते मिळून सव्वातीनशे, चटणीतले तीळ, भाजी-आमटी-पोळीचे दीडशे-पावणेदोनशे, संध्याकाळी सोयाची कॉफी, तिचे १२०. साडेनऊशेला टेकतं. एकदम न घेता विभागून घेतलेलं बरं, एका वेळी पाचशेच्या वर शरीर नीट शोषत नाही. गोळीच द्या म्हणून मी डॉक्टरांच्या मागं लागले होते, त्यांनी डीची दिली आणि कॅल्शियमचं आधी ताटातनं बघा म्हणाल्या. शिवाय वजनं उचला म्हणाल्या, नुसतं आमराईत फेऱ्या मारून हाडं घट्ट होत नाहीत. ते अजून सुरू व्हायचंय, घरातल्या पाण्याच्या घागरी मोजत असतील तर झालंय.

मार्क द्यायचे तर सोयाला पाचात साडेतीन, अर्धा चहासाठी कापला आणि एक वासासाठी. बदामाला एक, तो पण थंड असताना. ओट्सला दोन. चार्टला काही देत नाही, वजन उतरलंय तेवढंच त्याचं.

परवा गवळीमामांना म्हणलं, मी दूध सोडलंय, अर्धा लिटर कमी करा. सासूबाई आतनं ऐकत होत्या. त्या ७१ च्या, चहात चमचाभर दूध घालतात तेवढंच, बाकी दुधाचं नाव नाही, गुडघे धरून उठतात. बाहेर येऊन म्हणाल्या, "मला किती लागतं म्हणालीस? बाराशे ना? मग तुझा ग्लास मला दे, साय काढून." रतीब आहे तेवढाच राहिला.